मेणावरचा हात

सोमवार, १३ जानेवारी २०२५

अठ्ठेचाळीस पोरं, अठ्ठेचाळीस फॉर्म, एकही कोरा नाही. जेवणाच्या टेबलावर चार ढीग लावून बसले तेव्हा जयंतला ताट घेऊन सोफ्यावर जावं लागलं. "चिटणिसांच्या लेकीच्या घरात पहिलं पान कागदाला," म्हणाला. म्हणू दे. माझ्या माहेरचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कागद लिहायचे. जे कागदावर उतरलं ते खरं, असं आमच्याकडे मानतात आणि मीही मानते.

वीस वर्षं झाली मला या हिंदी मुलखातल्या डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवायला लागून. दाताची रचना फळ्यावर समजवायची, मग मेणाचा ठोकळा हातात देऊन तोच दात कोरायला लावायचा. दर साली एक तृतीयांश पोरं कोरीव कामात आपटतात. मग आपण काय करतो, तर तेच पुन्हा शिकवतो, जरा मोठ्या आवाजात. यंदा म्हटलं बस झालं. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी वाचून-लिहून, कुणी हातानं करून. तर शिकवायचंही तसंच. सोळा प्रश्नांचा फॉर्म केला. नवीन मोबाइल घेतला तर काय कराल? पत्ता विचारायचा तर कसा विचाराल? उत्तरांवरून गट पडतात.

प्राचार्यांनी परवानगी दिली ती तोंड वाकडं करूनच. मार्चच्या अंतर्गत परीक्षेत निकाल दिसला पाहिजे, नाही दिसला तर पुढच्या सालापासून पुन्हा सगळ्यांना एकच फळा. माझ्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे, हे ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही.

हातवाले एकवीस निघाले, निम्मे डॉक्टरांचे चिरंजीव आणि कन्या. गौरी त्यात असणारच. तिच्या आईचा, माझ्या मैत्रिणीचा, शर्वरीचा, टावर चौकात दवाखाना आहे. सोळापैकी सोळा उत्तरं वाचन-लेखनाची असलेली मात्र एकच मुलगी, फिरदौस बानो. इतका स्वच्छ कल मी पाहिला नव्हता. जयंतला फॉर्म दिला तर त्यानं पाचवा पर्याय लिहिला, "बायकोची बोलणी खाऊन". त्याचा फॉर्म मोजला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

फ्रीगंजच्या बाजारातून रंगीत फिती आणल्या, ॲप्रनच्या खिशावर टाचायला. बघणारे निळे, ऐकणारे लाल, वाचणारे पिवळे, हातवाले हिरवे. हिरव्यांना महिन्याला बारा ठोकळे मेण. पिवळ्यांना मार्चपर्यंत मिळून दोनच, पण माझ्या हातच्या चाळीस पानांच्या नोट्स. मार्चची बैठी परीक्षा, माझ्यासमोर बसून द्यायची, तीही गटाप्रमाणे: हिरवे दात कोरतील, पिवळे त्याचं वर्णन लिहितील. हे माझं मला फार आवडलं.

पिवळी फीत लावताना फिरदौसनं विचारलं, "मॅडम, पीली वालों को मोम नहीं मिलेगा?"

"मिलेगा, दो ब्लॉक. पर तुमको पढ़ने को सबसे ज़्यादा मिलेगा."

"जी," म्हणाली, आणि फितीवरून दोनदा बोट फिरवलं. बरी खुश दिसली.

आमच्या प्रयोगशाळेचे मेकॅनिक सुधाकरराव फिती बघून म्हणाले, "बाई, माझ्या खिशाला कोणती?" तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या कवळ्या घडवतोय. म्हटलं, तुम्ही फॉर्म भरा, मग सांगते. ते हसले आणि बर्नर पुसायला लागले.

मंगळवार, २८ जानेवारी

आज ओरडले. कोरताना जिथं जास्त कापलं जातं तिथं वितळलेलं मेण भरावं लागतं, आणि ते फार गरम असलं तर खालचा दात बिघडतो. त्यासाठी थर्मामीटर ठेवलाय. फिरदौस मात्र थेंब सरळ मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघत होती. तेही स्वतःचं मेण नाही, शेजारच्या गौरीचं. "ये क्या तरीक़ा है? जल जाओगी." तिनं सॉरी म्हटलं आणि लायब्ररीत गेली, कारण पिवळ्यांचा तिथला तास सुरू झाला होता. बोटांवर तिच्या जुने भाजल्याचे डाग आहेत. पोळ्या करताना पोळलं असेल, घरी काम पडत असणार.

सुधाकरराव म्हणाले, "थर्मामीटर चार अंश चुकीचा आहे, बाई. मी डिसेंबरातच लिहून दिलं होतं." कुठं लिहून दिलं होतं कोण जाणे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वह्या तपासल्या. पिवळ्यांच्या वह्या सुंदर. फिरदौसची तर कमाल. बारावीपर्यंत हिंदी माध्यम, वर्गात इंग्रजी प्रश्न विचारला की खाली बघते, आणि वहीत स्वच्छ इंग्रजी. आय या अक्षरावर टिंबाऐवजी छोटा गोल काढते, अगदी शाळकरी लाडीक. गौरीही तसाच गोल काढते. हल्लीच्या मुलींची फॅशन दिसते. वाचनाच्या गटाचा एवढा उपयोग होईल असं मलाही वाटलं नव्हतं. तोंडी मात्र तिला विचारलं की गप्प. संकोची आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

हिरव्यांनी आपापल्या वेळात कोरलेले सहा-सहा दातांचे संच जमा झाले. एकवीसपैकी सात संच असे, की मी खुर्चीत बसलेली उठून उभी राहिले. गौरीचा सुळा बघावा. वीसपैकी अठरा, एकोणीस. गटाची सरासरी सोळा, गेल्या साली सगळ्या वर्गाची दहाच होती. घरी येऊन आलेख काढला. रेघ बघून मला भरून आलं, सांगायला हरकत नाही. जयंतनं जिलबी आणली.

सुधाकरराव खिडकीशी संच हातात घेऊन बराच वेळ उभे होते. म्हणाले, "चांगले आहेत, बाई. फार चांगले आहेत." चांगलं म्हणतानाही या माणसाचा सूर तक्रारीचा का असतो समजत नाही.

परवा महाशिवरात्र. यात्रेकरूंच्या गर्दीमुळे रस्ते बंद, कॉलेजला दोन दिवस छुट्टी. अहवालाचं पहिलं पान लिहून टाकीन.

मंगळवार, ११ मार्च

काय झालं तेच कळत नाही.

बैठी परीक्षा झाली. दोन तास, माझ्यासमोर, वरची पहिली दाढ. पास व्हायला दहा नंबर लागतात, नाहीतर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही आणि साल जातं. गौरीला आठ. संचात अठरा घेतलेल्या गौरीला आठ. ज्या सातांचे संच बघून मी उभी राहिले होते, ते सातही नापास. एकाची दाढ तर उकडलेल्या बटाट्यासारखी होती. आणि पिवळ्यांत सगळे पास, फक्त फिरदौस सोडून. वर्णन लिहायचं होतं. तिनं पाऊण पान लिहिलं, मोडक्या इंग्रजीत, बाकी कोरं. सहा नंबर. सोळापैकी सोळा उत्तरं देणारी माझी सगळ्यात स्वच्छ विद्यार्थिनी, आणि तीच आलेख खाली खेचतेय. चिडून तिला म्हटलं, "नोट्स पढ़े थे या नहीं?"

"पढ़े थे, मॅडम. चार बार." रोजे चालू आहेत, ओठ सुकलेले होते.

परीक्षेचं दडपण आलं असेल सगळ्यांना. असंच लिहावं लागेल.

गुरुवार, १३ मार्च

दडपण नाही.

प्राचार्यांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून मला बोलावलं. "संचात अठरा, समोर बसवलं की आठ. डॉक्टर मधुरा, हे काय शिकवलंत तुम्ही?" मी प्रयोगशाळेत येऊन सुधाकररावांवरच उखडले, की तुम्ही तरी काही बोलायचं होतं. त्यांनी कपाट उघडलं, सातही संच खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकातला सुळा माझ्या तळहातावर ठेवत गेले.

"मान बघा. जिथं पातं उचललंय तिथं."

दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगतच्या भागाशी, प्रत्येकावर एक बारीक शेपटी होती, वर वळलेली. रेघ संपवताना हात असा उचलला की येते तशी. सातांवरही तीच, त्याच जागी.

"एकाच हातचे आहेत, बाई. बेचाळीसच्या बेचाळीस."

"कुणाच्या?"

म्हणाले, "तीस वर्षं मी दात करतो आणि सही डॉक्टरची होते. मला विचारू नका." आणि खालच्या खणातून पिवळ्यांचे ते दोन-दोन ठोकळे काढले, जे मी तपासलेच नव्हते, कारण पिवळ्यांचे दात मोजायचे नाहीत असं माझंच ठरलं होतं. फिरदौसच्या दोन्ही दातांवर ती शेपटी होती.

वह्यांमधले ते गोल आठवले. दात तिनं करायचे, वही गौरीनं लिहायची. माझ्या नाकासमोर दोन महिने हा व्यवहार चाललाय आणि मी त्याचा आलेख काढला.

प्राचार्यांना सांगावं लागलं. एकवीस तारखेला समिती. नियम त्यांनी तिथल्या तिथं वाचून दाखवला: दुसऱ्याकडून काम करून घेणाऱ्याला ताकीद आणि फेरपरीक्षा, दुसऱ्याचं काम करून देणाऱ्याला त्या साली परीक्षा नाही. म्हणजे सातांना ताकीद आणि फिरदौसचं साल गेलं.

शनिवार, १५ मार्च

काल होळीचा रंग उडाला, इथं आमच्याकडे कुणाला सुचत नव्हतं. आज शर्वरीचा फोन. "अगं, गौरी रडून राहिली आहे दोन दिवस. पोरं आहेत, होते चूक. ती दुसरी मुलगीच करून देते म्हणाली असेल. आपल्या घरातली मुलगी आहे, मधुरा, जरा सांभाळून घे." मी बघते म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त राग फिरदौसचा. तिनं हे केलं नसतं तर माझा अहवाल आज पूर्ण झाला असता. खोटं कशाला लिहू, असंच वाटलं.

संध्याकाळी प्राचार्यांचाही फोन. आवाज एकदम गोड. "समितीत सरळ ठेवू. एका मुलीनं आकडे बिघडवले असं अहवालात लिहा. ती बाजूला झाली की प्रयोग पुढच्या साली पुन्हा करा. तुमच्या फाइलवर मी त्याचा परिणाम होऊ देणार नाही."

जयंतला सांगितलं. तो टीव्ही बंद करून म्हणाला, "तुला स्वतःला काय वाटतं?" मी म्हटलं, मला काही वाटत नाही, मला झोप येतेय. दोन्ही खोटं होतं.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. बाहेर गेर, रंगाची मिरवणूक, निघालीय, ढोल इथपर्यंत ऐकू येतात. दारं लावून समितीसाठी फिरदौसची प्रवेशाची फाइल उघडली. जानेवारीपासून माझ्याच कपाटात होती. कुणाच्याच फाइली मी बघितल्या नव्हत्या. फॉर्म होता ना.

पत्ता: भैरवगढ. वडिलांचा व्यवसाय: बाटिक छपाई.

मी जिथं बसून हे लिहितेय त्या पलंगावरची चादर भैरवगढची आहे. आई असल्यापासून आमच्या घरात दुसरी चादर येत नाही. वितळलेल्या मेणाची कलम कापडावर फिरवतात, मेण लागलं तिथं रंग चढत नाही. मेण फार गरम असलं तर पसरतं, थंड असलं तर कापडात उतरतच नाही. चादरीवरची एक वेल जवळून बघितली. प्रत्येक पानाचं टोक वर उचललेलं, बारीक शेपटीसारखं.

ही मुलगी चालायला लागल्यापासून मेणात असणार. तिला मी दोन ठोकळे दिले आणि चाळीस पानं वाचायला लावली. आणि सोळा प्रश्नांत एकदाही विचारलं नाही की घरी तू काय करतेस.

पण मग तिनं फॉर्ममध्ये असं का भरलं? अजून समजत नाही. उद्या विचारीन.

गुरुवार, २० मार्च

विचारलं. प्रयोगशाळेत, सुधाकररावांना बाहेर बसवून. ती उभीच राहिली.

"फॉर्म में हाथ वाला जवाब एक बार भी नहीं भरा. क्यों?"

तिनं खिशावरची फीत सारखी केली. मग म्हणाली, "मॅडम, घर में सब हाथ का काम करते हैं. अब्बू ने कहा था, तुझे इसलिए भेज रहा हूँ कि हाथ का काम छूटे. फॉर्म में हाथ वाला भरती तो आप समझतीं कि ये पढ़ने वाली नहीं है, कारीगर की लड़की है."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. डॉक्टरांच्या पोरांनी हातवाले व्हायला उड्या मारल्या, कारण त्यांना ते नवीन होतं. हिला त्या उत्तराची लाज वाटली.

"और उनके दाँत क्यों बनाए?"

"गौरी का पहला वाला टूट गया था, वो रो रही थी. मैंने जोड़ दिया. फिर उसने कहा नोट्स समझा देगी, लिख देगी. नोट्स मेरी समझ में नहीं आते थे, मॅडम. फिर बाक़ी भी आने लगे." मग खाली मान घालून, "और मोम भी मिल जाता था."

हे शेवटचं तिनं इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

घरी माहीत आहे का विचारलं. नाही. वडील सगळ्या मोहल्ल्याला सांगतात की लेकीला किताबवाल्यांत बसवलंय. "मॅडम, साल जाएगा तो अब्बू फिर नहीं भेजेंगे. छोटी बहन को भी नहीं." रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला काहीच आश्वासन दिलं नाही, कारण तेव्हा मी ठरवलंच नव्हतं.

शुक्रवार, २१ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

साडेबारा वाजता समिती. प्राचार्य, आणखी दोन विभागप्रमुख, मी. भिंतीशी ती सात पोरं उभी, टेबलावर सात संच. फिरदौसनं काही कबूल करायच्या आतच प्राचार्य म्हणाले, "बोलण्यात वेळ नको. इथंच एक दाढ कोरू दे तिला. हात जुळला की प्रश्न मिटला." सुधाकररावांना बर्नर पेटवायला सांगितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरगी कात्रीत सापडलीय. चांगली दाढ केली तर सातांचं काम तिनंच केलं हे सिद्ध, साल गेलं. वाईट केली तर दोषातून सुटेल, पण मग कारीगरीतही नापास ठरेल आणि तिच्याकडे दाखवायला काहीच उरणार नाही. ती मात्र आमच्या सगळ्यांच्या आधी हे समजली असावी. ठोकळा तिनं मुठीत घेतला, मिनिटभर तसाच धरून ठेवला, ऊब द्यायला. मग सुरू केलं.

पहिली दहा मिनिटं मी फक्त तिचे हात बघत होते. मी वीस वर्षं शिकवते, मला असं येत नाही. पातं दाबत नव्हती, नुसतं टेकवत होती, आणि मेण आपण होऊन बाजूला होत होतं. दाढेची चारही टोकं जागेवर आली. मग तिनं एकदा वर बघितलं. सात संचांकडे, भिंतीकडे, गौरीकडे. आणि पुढच्या रेघेला पातं आडवं गेलं. मग आणखी एकदा. एक टोक गेलं, दुसरं गेलं.

वीस वर्षं मी पोरांना चुकताना बघितलंय. चुकणारा चूक झाली की थांबतो, दात उजेडात धरतो, परेशान होतो. ही थांबत नव्हती. एकसारखं, शांतपणे, दाढ बिघडवत चालली होती.

प्राचार्य माझ्या कानाशी म्हणाले, "हिला तर येतच नाही."

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. खरं तर दोन मिनिटं गप्पच बसले. हात जुळला नाही, पुरावा नाही, समिती संपली, अहवालात दोन ओळी. तिचे ते बैठ्या परीक्षेतले सहा नंबर तिला घरी बसवायला पुरेसे होते, माझ्याकडे बोट कुणी दाखवलं नसतं.

"रुक जाओ, फिरदौस," मी म्हटलं. "ख़राब मत करो उसे."

तिनं पातं खाली ठेवलं. मग मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हटलं संच हिनेच केलेत आणि ते चूक आहे, पण तिच्यापुरतं मेण मीच बंद केलं होतं. ज्यांना मेण लागत नव्हतं त्यांना बारा ठोकळे दिले आणि जिला सगळ्यांत जास्त येतं तिला दोन. प्रश्न माझे, गट माझे, नोट्स माझ्या, परीक्षा कशात घ्यायची तेही माझंच. आकडे हिनं नाही बिघडवले, आकडे खरे कधी नव्हतेच. शिक्षा द्यायची तर आठही जणांना सारखी द्या. सगळे संच रद्द, सगळ्यांकडून लेखी माफीनामा, आणि आठही जणांची फेरपरीक्षा, फिती काढून, सगळ्यांना एकच दाढ.

"आणि तुमचा प्रयोग?" प्राचार्यांनी विचारलं.

"बंद करते. अहवालात कारण मी लिहीन, माझ्या सहीनं."

"तुमची फाइल..."

"ती तुमच्या टेबलावर आहे."

त्यांनी नियमाचं पुस्तक पुन्हा उघडलं. तेवढ्यात भिंतीकडून गौरी म्हणाली, "सर, मैंने कहा था उसको. वो मना कर रही थी." आवाज चिरकला तिचा, पण बोलली. मग एक एक करत बाकीचेही बोलले, काही अगदी पुटपुटत. एवढ्या जणांनी कबूल केल्यावर एकटीचं साल घेणं प्राचार्यांना अवघड गेलं. पाऊण तासानं आठांची फेरपरीक्षा मंजूर झाली. मला सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "लेखी द्या." दिलं.

बाहेर आले तर सुधाकरराव ती अर्धी बिघडलेली दाढ रुमालात गुंडाळत होते. म्हटलं, ती कशाला ठेवताय? म्हणाले, "असंच."

शर्वरीनं संध्याकाळी फोन उचलला नाही.

गुरुवार, २७ मार्च

फेरपरीक्षा झाली. कुणाच्याही खिशाला फीत नाही, टाचणीची भोकं मात्र दिसत होती. थर्मामीटर नवा आणलाय. फिरदौसनं तो बघितलाही नाही, थेंब मनगटावर टेकवला. यावेळी मी काही बोलले नाही. गौरीला अकरा, प्रामाणिक अकरा. दाढ ठेवताना म्हणाली, "मावशी, हे माझं आहे." कॉलेजात मला मावशी म्हणायचं नाही हे ती विसरली आणि मीही.

फिरदौसची दाढ तपासायला मी घरी आणली. तीनदा तपासली, कुठं उगाच जास्त तर देत नाही ना म्हणून. अठरा. लेखी बाजू अजून कच्ची आहे. रोज चार ते पाच माझ्याकडे येईल, हिंदीतून समजवीन, मग इंग्रजी. फॉर्म न भरता.

शनिवार, ५ एप्रिल

ईद होऊन गेली. आज फिरदौसचे वडील कॉलेजात आले, डब्यात शेवया घेऊन. माफीनाम्यावर पालकांची सही लागते म्हणून मीच बोलावलं होतं. उंच, सडपातळ माणूस; नखं निळी, तो रंग आता कधी निघायचा नाही. खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, पढ़ाई में लगी है ना? बता रही थी, किताब वालों में बिठाया है."

फिरदौस दाराशी उभी होती, मान खाली.

मी सगळं सांगितलं. संच, वही, समिती, माझी चूक. ते ऐकत राहिले, एकदा फक्त मुलीकडे बघितलं. मग मी म्हटलं, "आपकी बेटी का हाथ पूरे कॉलेज में सबसे अच्छा है." हे ऐकून त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"हाथ का ही काम करना था तो घर पर बहुत था, मॅडम."

डॉक्टरचंही हाताचंच काम असतं, असं काहीतरी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर नुसतं ऐकून मलाही पटलं नसतं. म्हणून खण उघडला आणि फेरपरीक्षेतली ती दाढ त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी आधी हात कुर्त्याला पुसले. दाढ उचलून खिडकीशी गेले, उजेडात धरली, चारही बाजूंनी फिरवली. अंगठ्याचं नख मानेपासून हळूहळू वर नेलं, आणि डाव्या कडेला थांबवलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा तिथंच थांबवलं. मग माझ्याशी नाही, मुलीशी बोलले. "यहाँ जल्दी की. हाथ पहले उठा लिया."

"जी, अब्बू."

"रोज़ा था?"

"जी."

"तो भी." मग माझ्याकडे वळले. "कितने में से कितने दिए?"

"बीस में से अठारह."

"दो किस बात के काटे?"

गुणपत्रिका टेबलावरच होती, ती त्यांच्यापुढे सरकवली. नंबर कापले की मी कागदावर दाताचं चित्र काढून त्या जागी लाल टिंब देते, वीस वर्षांची सवय आहे. टिंब मानेच्या डाव्या कडेला होतं. त्यांनी दाढ त्या चित्राशेजारी ठेवली, कागदावरचं टिंब बघितलं, दाढेवरची जागा बघितली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.

"बराबर काटे," म्हणाले.

सही केली. जाताना विचारलं, ही दाढ घरी नेता येईल का, हिच्या अम्मीला दाखवायची आहे. परीक्षेचं काम कॉलेजबाहेर जाऊ देत नाहीत, रजिस्टर असतं त्याचं, प्रत्येक दाताची नोंद असते. मी दाढ कापसात गुंडाळून त्यांच्या हातात दिली आणि रजिस्टरात काही लिहिलं नाही.